कलम सात

सातवं कलम माझं.
"पन्नास मीटरच्या आत माणूस असेल
तर चाक हलणार नाही."
त्यात एकही 'पण' नव्हता, याचा केवढा अभिमान!
अन्तोफागास्ताच्या कचेरीत, समुद्राकडे पाठ करून
तीन आठवडे मी ते वाक्य तासत होतो.
काळ्या दगडावरची रेघ, यास्ना म्हणाली,
आणि आम्ही हसलो.
तांब्याच्या खाणीत दगडाला काय तोटा.

अन्सेल्मो चोके मोजणीसाठी गाडीतून उतरला
आणि कडा सुटला.
अर्धा रस्ता बुजला. त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत दगडाखाली.
दोनशे चौदा नंबरचा ट्रक, आत कोणी नाही,
उतारावरून येत होता, त्याला पाहून थांबला,
चाळीस मीटरवर.
शब्दाला जागला.

क्रेन आली ती त्याच्या मागे अडकली.
यास्नाने इकडून बटण दाबलं.
"माणूस दिसतो आहे. थांबलो आहे."
परत दाबलं.
"माणूस दिसतो आहे."
स्ट्रेचर घेऊन दोघे पायीच पुढे धावले.
"तीन माणसं दिसत आहेत."
मदतीला गेलेला प्रत्येक जण
त्याच्यासाठी थांबण्याचं आणखी एक कारण.
शेवटी कोणीतरी शिडी लावून वर चढलं
आणि वायर कापली.
सत्तेचाळीस मिनिटं.

चौकशीत त्याची नोंद उघडली तेव्हा
खोलीत कोणी खुर्चीही सरकवली नाही.
'मागे बारा मीटर सरकल्यास क्रेनला वाट.
धोका नगण्य.
कलम सात: नाही.'
पुढच्या मिनिटाला पुन्हा तेच.
पुन्हा.
त्याला कळत होतं.
मी त्याला कळायला शिकवलं होतं
आणि मग कळण्यावर माझं वाक्य ठेवलं होतं,
उतू जाणाऱ्या दुधावर झाकण ठेवावं तसं.

आता म्हणतात, दुरुस्ती कर. 'पण' घाल.
घालतो.
पण गेल्या साली धुळीच्या वादळात वाट चुकलेली नेल्दा
याच कलमामुळे आज मुलीच्या शाळेत जाते.
त्या दिवशी ट्रकपाशी एखादा 'पण' असता,
एखादा हुशार, हिशेबी 'पण',
धुळीतली आकृती माणूस असण्याची शक्यता इतके टक्के
असं मोजत बसणारा?
मी पान उघडतो. पान मिटतो.
एकेचाळीस कलमं झाली आहेत.
बेचाळिसावं पहिल्या एकेचाळिसांना
केव्हा मोडायचं ते सांगेल,
त्रेचाळिसावं बेचाळिसाव्याला.

वडील वास्कोच्या खोऱ्यात ऑलिव्हची कलमं बांधायचे.
सुरीने साल उघडायची, डहाळी बसवायची,
चिंधी गुंडाळायची, आणि मग
रोज जाऊन बघायचं.
बांधणं अर्ध्या तासाचं, म्हणायचे,
बघणं दोन वर्षांचं.
मी फक्त बांधून आलो.

रविवारी अन्सेल्मोच्या घरी गेलो, कालामाला.
पाय मांडीपासून नाही.
माफी घरीच लिहून आणली होती, नियमासारखी, नीट.
त्याने कागद घेतला, न वाचता बशीखाली ठेवला,
चहात पाव बुडवला.
म्हणाला, चार वाजले होते. तिथलं ऊन ठाऊक आहे ना तुम्हाला?
ओठ फाटत होते.
मग ते धूड येऊन उभं राहिलं
आणि त्याची सावली माझ्याकडे सरकत आली,
आधी बुटावर, मग पोटावर, मग तोंडावर.
डॉक्टर म्हणाला, नाहीतर उन्हानेच गेला असतास.
तेवढा वेळ मी त्याला शिव्या घालत होतो
आणि त्याच्या सावलीत पडलो होतो.

मग त्याने विचारलं,
अगदी साधेपणाने, हिणवायला नाही,
सावलीचं कलम कितवं?

मी म्हणालो, तसं कुठलंच नाही.

बरं, तो म्हणाला, आणि मला पाव दिला.
बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं,
हळूहळू, मान वळवून,
कुत्रं उठेपर्यंत थांबत.